विण्याचा पहारा आणि हातातला फोन

मार्गशीर्षातल्या एका सप्ताहानिमित्त पुरुषोत्तमनगरास जाण्याचा योग आला होता. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळचे हे गाव. सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती ही वसाहत वसली आणि वाढली. सहकारमहर्षी पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने येथला सहकार उभा राहिला, हे त्या बाजूच्या कोणालाही ठाऊक आहे. गळिताचे दिवस होते. रात्री-अपरात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या रस्त्याने चाललेल्या, आणि हवेत रसाचा तो गोडसर, किंचित करपट वास. अशा ठिकाणी सप्ताह बसला म्हणजे त्याला वेगळीच शोभा येते. एकीकडे यंत्र अखंड चाललेले, दुसरीकडे नाम अखंड चाललेले.

सप्ताहाची रीत वाचकांना सांगायला नको. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि या सगळ्याच्या पाठीशी रात्रंदिवस विण्याचा पहारा. वीणा सात दिवस जमिनीला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, पण नाम खंडायचे नाही.

मला वयोमानाने झोप कमी. रात्री दोनच्या सुमारास जाग आली म्हणून मंडपात जाऊन बसलो. पहाऱ्याला एक विशीतला मुलगा उभा होता. गळ्यात वीणा, मुखाने ‘राम कृष्ण हरी’ चाललेले, पाय जागच्या जागी हलत होते. पण उजव्या हाताने तो जेवढ्यास तेवढी तार छेडी आणि डाव्या हातात फोन. अंगठा सारखा चाललेला. आधी व्हॉट्सॲपवर कोणाला उत्तर, मग कुठल्याशा सामन्याची धावसंख्या, मग एक लहानसा व्हिडिओ, पुन्हा व्हॉट्सॲप, मध्येच बँकेचे खाते. मी दहा-पंधरा मिनिटे बघत होतो. त्याचे नाम एकदाही थांबले नाही, हे मात्र खरे सांगितले पाहिजे.

पहारा बदलल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. मी काही बोलणार तोच तो म्हणाला, “बुवा, तुम्ही बघत होता ते कळलं मला. पण एक विचारू? नाम चालू होतं. वीणा खाली ठेवली नाही. डोळ्याला झोप लागू दिली नाही. मग माझं चुकलं कुठं? तुम्हीच काल सांगितलं ना, हाताला काम आणि मुखाला नाम?”

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरोखरचा होता. आणि सज्जनहो, मला त्याला लगेच उत्तर देता आले नाही. एक कारण असे की प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या गाठीला होते, ते आधी सांगून टाकतो. कारण ते लपवून या विषयावर लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातला केर दाखवणे होईल.

त्याच वसाहतीत आमचे एक जुने स्नेही राहतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. साखर कारखान्यात पॅनमन म्हणून त्यांची हयात गेली. वारीत आम्ही किती वर्षे एका दिंडीत चाललो. त्यांच्या घरी काही दिवसांपासून वहिनींना विस्मरणाचा आजार. सप्ताहाच्या महिनाभर आधी आप्पांचा फोन आला होता. दिवस एकादशीचा. मी फोन कानाला न लावता समोर धरला होता, आवाज मोठा केलेला. आणि ते बोलत असताना बोटाने एकादशीच्या शुभेच्छांचे एक चित्र या गटातून त्या गटात पाठवीत होतो. आप्पा सांगत होते, मी ‘हो, हो’ म्हणत होतो. त्यांचे एक वाक्य झाले आणि मी म्हणालो, “वा, छान झालं.”

पलीकडे शांत झाले. मग आप्पा हळूच आपल्या अहिराणीत म्हणाले, “बुवा, तुमनं ध्यान कोठे शे?”

ते वाक्य काय होते, ते मग मी विचारले. ते म्हणाले होते, “आज सकाळी तिनं मला विचारलं, तुम्ही कोण?”

पन्नास वर्षांच्या संसारानंतर ज्याला हे ऐकावे लागले, त्याला मी ‘छान झालं’ म्हणालो. आप्पा रागावले नाहीत. ‘असू द्या, गडबडीत असाल’ म्हणाले आणि फोन ठेवला. ते रागावले असते तर बरे झाले असते.

तेव्हा त्या मुलाचा प्रश्न माझाही होता. एकाच वेळी अनेक कामे करण्यात चुकते कुठे? नुकसान वेळेचे होते, की आणखी कशाचे?

मन एका वेळी किती ठिकाणी असते?

पहिली गोष्ट ही की, ज्याला आपण ‘एकाच वेळी’ म्हणतो ते खरोखर एकाच वेळी असते काय? आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत मनाची खूणच अशी सांगितली आहे की एका क्षणी अनेक ज्ञाने उत्पन्न होत नाहीत. डोळा, कान, नाक सगळे आपापल्या विषयाशी जोडलेले असले तरी मन ज्याच्याशी जोडले जाईल त्याचेच ज्ञान होते. मग आपल्याला सगळे एकदम कळल्यासारखे का वाटते? त्यावर त्यांचा दृष्टांत कोलिताचा आहे. अंधारात जळते कोलीत गरगर फिरवले तर अग्नीचे अखंड कडे दिसते. वस्तुतः कडे नसतेच. एकच ठिणगी इतक्या वेगाने जागा बदलते की डोळ्याला फट दिसत नाही. मनाचेही तसेच. ते दोन ठिकाणी नसते, भराभर जा-ये करीत असते. आणि त्या जा-येलाच आपण ‘दोन्ही चालू आहे’ म्हणतो.

पाश्चात्त्य संशोधकांनी हीच गोष्ट घड्याळ लावून मोजली. आर्थर जर्सिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये लोकांना एकाच प्रकारची सोपी गणिते सलग करायला दिली, आणि मग दोन प्रकारची आलटून पालटून करायला दिली. आलटून पालटून करताना वेळ जास्त लागला. २००१ मध्ये रुबिनस्टाइन, मेयर आणि एव्हान्स या तिघांनी दाखवले की कामे जितकी गुंतागुंतीची, तितका हा उंबरठा ओलांडण्याचा वेळ वाढतो. २००९ मध्ये सोफी लरॉय या विदुषीने आणखी एक बाब पुढे आणली. पहिले काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की मनाचा काही अंश मागेच राहतो. भांडे विसळले तरी तळाशी ताकाचा ओशटपणा राहावा तसा. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका प्रयोगात असेही आढळले की जे लोक एकाच वेळी अनेक माध्यमे वापरण्यात मुरलेले, तेच नको ती गोष्ट बाजूला सारण्यात कच्चे ठरले. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हा फरक तितका ठळक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे लागते. पण कामे बदलताना काहीतरी सांडते, ही गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसली आहे.

आणखी मौज अशी की ‘मल्टिटास्किंग’ हा शब्द मुळात माणसासाठी नाहीच. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या मोठाल्या संगणकांच्या वर्णनात तो आला. तो संगणक तरी काय करीत होता? एका कामाला क्षणाचा तुकडा देई, ते थांबवून ठेवी, दुसऱ्याला तुकडा देई. हातातल्या फोनचे पाहा. चौकोनी खुणेवर बोट ठेवले की उघडलेली सगळी ॲप पत्त्यांसारखी ओळीने दिसतात आणि वाटते, सगळी चालू आहेत. त्यांतली बरीचशी वस्तुतः निजवून ठेवलेली असतात. आयफोनवर तर २०१० पर्यंत बाहेरच्या कंपन्यांची ॲप पाठीमागे चालू ठेवण्याची सोयच नव्हती. एक उघडले की दुसरे बंद! आता फोनच्या आत गणित करणारे सहा-आठ गाभे एका चकतीवर बसवलेले असतात, तेव्हा यंत्र खरोखरच काही कामे एकदम करू शकते. पण त्या यंत्राला धरणाऱ्या माणसाला मन एकच मिळाले आहे. यंत्राने गाभे वाढवले म्हणून आपले वाढले नाहीत. हा हिशेब आपण विसरलो.

मग संतांनी काय केले?

येथे तो मुलगा पुन्हा आडवा येईल, आणि त्याने यावेच. तो म्हणेल, “बुवा, सावता महाराज अरणगावी मळ्यात खुरपे चालवीत होते आणि नाम घेत होते. गोरोबाकाका तेरला चिखल तुडवीत होते आणि भजन करीत होते. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की सर्वकाळ माझे स्मरण ठेव आणि युद्धही कर. ही दोन कामे नाहीत का? मग मीच काय वाईट केलं?”

हा पूर्वपक्ष बळकट आहे. वारकरी मार्गाची सगळी इमारतच प्रपंच न सोडता नाम घेण्यावर उभी आहे. शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एकात हाच विषय आहे: पतंग उडवणारे पोर सोबत्यांशी बोलते पण त्याचे चित्त दोरीत असते, पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन मुली हसतखिदळत येतात पण लक्ष घागरीवर, आई घरकामात असली तरी चित्त पाळण्यातल्या बाळाकडे. म्हणजे दोन गोष्टी एकदम चालतात, हे संतांनाही मान्य होते.

पण हे दाखले नीट निरखून पाहावेत. प्रत्येकात एक गोष्ट हाताची, पायाची, जिभेची आहे. सवयीने आपोआप होणारी. आणि एक गोष्ट चित्ताची आहे. दोन्ही गोष्टी चित्तावर हक्क सांगत नाहीत. मुलीची मान घागर सांभाळायला शिकलेली असते, तरीही आतले ध्यान घागरीतच असते, गप्पा वरवरच्या. सावता महाराजांचे खुरपे हातात होते आणि चित्त विठ्ठलापाशी. हलके काम शरीराला आणि मोलाची जागा मोलाच्या वस्तूला, असा तो क्रम आहे.

त्या मुलाच्या पहाऱ्यात हा क्रम बरोबर उलटा झाला. नाम त्याच्या जिभेला इतके सवयीचे की ते खुरप्यासारखे आपोआप चालत होते. आणि चित्ताची गादी दिली होती धावसंख्येला, व्हिडिओला, बँकेच्या खात्याला. हाताला काम आणि मुखाला नाम, हे तर झाले. पण मन कोणाला? त्याचे चुकले ते येथे. दोन गोष्टी केल्या म्हणून त्याचे चुकले नाही. कोणती गोष्ट कुठे बसवायची, ते चुकले.

अशा नामाला काही मोल नाही, असे मी म्हणणार नाही. कसेही घेतलेले नाम वाया जात नाही, ही आपली श्रद्धा आहे आणि ती मी त्या पोरापासून हिरावून घेणार नाही. रात्री दोन वाजता गार वाऱ्यात तो उभा राहिला, हे काय थोडे आहे? त्याच्या वयाचे किती उभे राहतात?

आणि गोरोबाकाकांची कथा? ती आपण नेहमी तल्लीनतेची थोरवी म्हणून सांगतो. पण त्या कथेत एक लेकरूही आहे. बाप चिखल तुडवीत भजनात रंगला आणि रांगत आलेले मूल पायाखाली आले. पुढे देवाच्या कृपेने ते परत मिळाले, असे आपण ऐकतो. पण आईचा तो आकांत कथेतून कोणी पुसून टाकलेला नाही. मला वाटते, तो मुद्दाम ठेवला आहे. नुसती एकाग्रता हेच सर्वस्व नव्हे. चित्त कुठे आहे, हा एक प्रश्न. आणि तेवढ्या वेळात पायाखाली कोण आले, हा दुसरा. गोरोबांचे चित्त तरी विठ्ठलापाशी होते. आमचे शुभेच्छांच्या चित्रापाशी होते, आणि पायाखाली आप्पा आले.

शंभर अवधाने, आणि एक

कोणी म्हणेल, काही माणसांना दैवी शक्ती असते. ती एकदम पुष्कळ गोष्टी सांभाळतात. आहे खरी. आपल्या देशात अष्टावधान, शतावधान करणारे पंडित झाले. मुंबईत १८८७ मध्ये श्रीमद् राजचंद्र या तरुण जैन साधकाने शतावधानाचा प्रयोग करून दाखवला, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतले होते. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी गाठ पडली. गांधीजींनी आपल्याला येणारे निरनिराळ्या भाषांतले शब्द त्यांच्यापुढे ओतले. राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. ही हकीकत गांधीजींच्या आत्मकथेत आहे.

पण तेथेच पुढे गांधीजी जे सांगतात ते मला जास्त मोलाचे वाटते. या शक्तीने आपण भारावलो नाही, असे ते म्हणतात; भारावलो ते त्यांच्या शास्त्रज्ञानाने, चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. राजचंद्र हिरेमोत्यांचे व्यापारी. पेढीवर लाखांची उलाढाल. सौद्याचे बोलणे संपले की लगेच धर्माचे पुस्तक किंवा रोजनिशी उघडली जाई. सौदा चालला असताना सौदा, आणि संपला की दुसरे. ज्याला शंभर अवधाने येत होती, त्याने ते प्रयोग पुढे सोडून दिले. साधनेत ती आडवी येतात म्हणून. ज्याला येत होते त्याने सोडले, आणि ज्यांना येत नाही ते आपण दिवसभर तोच खेळ मांडून बसलो आहोत!

गरज आणि सवय

आता दुसरी बाजू. फोन फेकून द्या, असे सांगणारा मी नाही. आणि तसे सांगणे खोटेपणाचे होईल. याच शहादे तालुक्यात टेंभली नावाचे लहानसे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक तेथे दिला गेला. त्यानंतर रेशन म्हणा, बँक म्हणा, अनुदान म्हणा, सगळे त्या क्रमांकाशी आणि क्रमांक फोनशी जोडला गेला. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून नेट स्वस्त झाले आणि फोन शेताच्या बांधावर पोचला. २०२१ पासून तर शेतातल्या पिकाची नोंदही शेतकऱ्याने फोनवरच्या ई-पीक पाहणीत स्वतः करायची असते. उसाची तोड, मजुरांचा निरोप, मुलाचा अभ्यास, दवाखान्याचा कागद, सगळे त्याच काचेत. अशा माणसाला ‘एका वेळी एकच बघ’ असे गादीवर बसून सांगणे सोपे. त्याचा दिवस तसा नसतो.

आणि आपल्या आयाबायांना विचारा. तव्यावर भाकरी, चुलीवर दूध, झोळीत लेकरू आणि दारात म्हैस. त्यांनी एकच काम धरले असते तर घर चालले असते काय?

हाच प्रश्न मी आप्पांपुढे ठेवला. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागायची होती, पण तोंडातून शब्द फुटेना, म्हणून आधी त्या पोराचा प्रश्न सांगितला. आप्पा हसले आणि त्यांच्या कामाबद्दल बोलू लागले.

पॅन म्हणजे पाक उकळून साखरेचा दाणा धरण्याचे मोठे बंद भांडे. आतली हवा काढून घेतलेली असते, म्हणून पाक कमी उष्णतेवर उकळतो. पॅनमन दांड्याने नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्याकडे धरून बघतो, बोटांनी चोळतो. पाक फार पातळ राहिला तर धरलेला दाणा विरघळतो. फार दाटला तर नको असलेला बारीक दाणा नव्याने पडतो. मग मोठ्या दाण्यांच्या फटीत तो बसतो आणि पुढे यंत्राच्या जाळीतून मळी नीट सुटत नाही. अशा वेळी पाणी सोडून तो बारीक दाणा पुन्हा विरघळवायचा. केलेली साखर परत पाण्यात!

“आणि असे पॅन किती तुमच्याकडे?” मी विचारले.

“माझ्याकडे तीन असायचे,” आप्पा म्हणाले. “पण बुवा, तीन बघायचे म्हणजे तिन्हीकडे अर्धं अर्धं बघायचं नाही. ज्याच्यासमोर उभा, तो एकच पॅन. त्याचा दाणा बघितला, वाफ ठरवली, की मग पुढच्याकडे. मन मागं ठेवून पुढं गेलो की हमखास बिघडायचं. नवीन पोरं तेच करायची. या पॅनजवळ उभं राहून त्या पॅनची काळजी.”

मला वाटते, भाकरी थापणाऱ्या माउलीचेही हेच असते. तिची चार कामे एकाच घराची असतात, एका सुतात ओवलेली. ती भाकरीवरून दुधाकडे वळते तेव्हा पूर्ण वळते. तिच्यावर चार कामे आली ती गरजेने आली. ती तिने करमणूक म्हणून ओढवून घेतली नाहीत. गरजेने पाळी बदलणे निराळे, आणि मन कुठेच ठरू द्यायचे नाही म्हणून पाळी बदलणे निराळे. पहिल्यात थकवा येतो, पण घर उभे राहते. दुसऱ्यात थकवा येतो आणि हाती काही उरत नाही. हा भेद बाहेरून दिसत नाही; ज्याचा त्याने आतून बघायचा. मी एकादशीच्या दिवशी त्या गटांत चित्र पाठवले नसते तर कोणाचे काय अडणार होते?

लक्ष हे देणे आहे

इथवर आल्यावर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला थोडेसे हाती लागले. आपण समजतो की लक्ष ही आपली मालमत्ता. हवी तशी वाटू, हवी तशी उधळू. फार तर नुकसान झाले तर आपलेच होईल. परंतु समोर माणूस बोलत असतो तेव्हा लक्ष हे आपले त्याला देणे असते. नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची ठेवली आहे, बोलण्याची नव्हे. जो ऐकतो आहे असे दाखवतो आणि ऐकत नाही, तो मोबदला घेऊन माप कमी घालणाऱ्या दुकानदारासारखा आहे. आप्पांनी त्या दिवशी आपले दुःख माझ्या पदरात घातले, आणि मी ‘हो, हो’ म्हणत रिकामे माप परत केले. नुकसान वेळेचे झाले नाही. वेळ तर वाचलाच होता! नुकसान आप्पांचे झाले.

रस्त्यावर हेच देणे जिवाचे होते. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने वाहन चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात धरले आहे. शहाद्याच्या रस्त्याने हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. मोटारसायकलवर एका हाताने फोन बघणाऱ्या पोराचे मन पडद्यावरून रस्त्यावर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात ट्रॉली समोर येते. मग कोलिताचे ते कडे तुटते आणि कळते की ठिणगी एकच होती.

पहाऱ्याची रीत

उपाय काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाला वाऱ्याची उपमा दिली, ते आवरत नाही म्हणून हात टेकले. आणि भगवंतांनी त्याला खोटे पाडले नाही. आवरणे कठीण आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली. तेव्हा एका दिवसात काही होईल, असे कोणी समजू नये. पण अभ्यास कशाचा करायचा, ते मला आपल्या पहाऱ्यातच सापडले.

वीणा एकाच माणसाच्या गळ्यात सात दिवस राहत नाही. तसे होणे शक्यही नाही. पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या गळ्यात वीणा. बाकीचे मोकळे, जेवोत, निजोत, शेतावर जावोत. पाळी बदलताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि मगच पहिला बाजूला होतो. हिसकाहिसकी नाही, अर्धी वीणा याच्याकडे अर्धी त्याच्याकडे असेही नाही.

कामांनाही अशी पाळी द्यावी. फोनवर दहा कामे आहेत? असू देत. एकाला पाळी द्या, ते पुरे करा, त्याला नमस्कार करा, मग दुसऱ्याच्या गळ्यात मनाची वीणा घाला. कोणाचा फोन आला तर तेवढा वेळ पहारा त्या माणसाचा. बोट दुसरीकडे जाणार नाही. जेवताना ताटाचा पहारा. गाडीवर रस्त्याचा. हरिपाठाला फोन पिशवीत, आणि पिशवी खुंटीला. मोडेल; पुन्हा धरावा. वारीत चालताना पाऊल चुकले म्हणून कोणी माघारी जात नाही.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले. तो म्हणाला, “मग दोन तास फोन कोणाजवळ ठेवू?” मी म्हटले, “माझ्याजवळ ठेव. आणि माझा तू ठेव.” दुसऱ्या रात्री आम्ही तसे केले. तो पहाऱ्याला उभा असताना त्याचा फोन माझ्या पिशवीत तीनदा थरथरला. मलाच राहून राहून वाटत होते, बघावे काय आहे ते! सवय कोणाला नसते?

राहिले आप्पांचे. त्या दिवशी त्यांच्या घरी जाताना मी फोन बिऱ्हाडी ठेवून गेलो होतो. आप्पांशी बोलणे चालले असता वहिनी पाणी घेऊन आल्या. तांब्या ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुम्ही कोण?” मी नाव सांगितले, गाव सांगितले, आप्पांबरोबर वारीला असतो म्हणून सांगितले. त्या “बरं, बरं” म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आल्या आणि तेच विचारले. मी पुन्हा सगळे सांगितले. तासाभरात असे चार वेळा झाले.

निघताना मी आप्पांचा हात धरला आणि त्या एकादशीबद्दल बोलायला लागलो. त्यांनी हात दाबला. “झालं की आता,” म्हणाले. “चारही वेळा तुम्ही तिला नीट सांगितलंत. मी तर कधी कधी कंटाळून तिसऱ्यांदा नुसतं ‘हो’ म्हणतो.”

एवढे बोलून ते आत वहिनींना हाक मारायला वळले, आणि मी मंडपाकडे निघालो. हरिपाठाची वेळ झाली होती.